कोऱ्या चहापासून सुरुवात : घरच्या घरी चहाची पारख

कोकणातल्या बहुतेक घरांत चहा दिवसातून तीन-चार वेळा होतो. पण एकाच दुकानातून आणलेली एकच पावडर, ठरलेले दूध, ठरलेली साखर आणि परसातल्या गवती चहाची दोन पाती अशी त्याची रीत वर्षानुवर्षे पक्की झालेली असते. त्या चहात वावगे काहीच नाही. मात्र त्यावरून पत्तीची चव कळत नाही, कारण ती या सगळ्यांच्या आड झाकलेली राहते. पत्तीची पारख करायला शिकायचे असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे शिकण्यापुरता तरी चहा कोरा प्यावा. दुसरी अधिक महत्त्वाची: चहा कधीही एकटा चाखू नये, निदान दोन चहा शेजारी शेजारी ठेवावेत. एकच कप समोर असेल तर तो कडक आहे की सौम्य, तुरट आहे की गोडसर, हे नवख्याला सांगता येत नाही. शेजारी दुसरा कप आला की जिभेला फरक जाणवू लागतो. पुढच्या सर्व पायऱ्यांचा नियम म्हणूनच एक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवावे.

पत्तीची तोंडओळख

काळा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग हे चहा वेगवेगळ्या झाडांचे नसतात. कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून ते तयार होतात. तिच्या दोन मुख्य उपजाती आहेत: लहान पानांची, थंडी सोसणारी चिनी आणि मोठ्या पानांची, उष्ण दमट हवेत फोफावणारी आसामी. पान खुडल्यानंतर त्याचे काय केले जाते यावर चहाचा प्रकार ठरतो. हिरव्या चहासाठी पान लवकरच वाफवतात किंवा तापल्या कढईत परततात, त्यामुळे त्यातली विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात आणि पान हिरवे राहते. काळ्या चहासाठी पान आधी कोमेजू देतात, मग ते चुरडून किंवा वळून त्याचा रस हवेशी संपर्कात आणतात, ऑक्सिडीकरण होऊन ते तांबूस-तपकिरी झाले की भट्टीत वाळवतात. ऊलाँगमध्ये हीच क्रिया अर्ध्यावर थांबवलेली असते. पांढऱ्या चहात कोवळे कोंब केवळ कोमेजवून वाळवतात. आपला गवती चहा या कुळातला नाही, ते सुगंधी गवत आहे. त्यातले सिट्रल हे द्रव्य लिंबाच्या सालीतही असते, आणि त्याचा वास इतका वरचढ असतो की पारख करायच्या दिवशी तो बाजूलाच ठेवावा लागतो.

दुकानातल्या काळ्या चहाचे दोन वर्ग आहेत. आपल्या ओळखीचा दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा असतो. त्यात दातेरी रुळांमधून पान चिरडले, फाडले आणि वळले जाते, आणि त्याच्या बारीक गोळ्या होतात. ही यंत्रे १९३०च्या दशकात आसामात आली आणि आज भारतात तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा आहे. पानातल्या पेशी पूर्ण फुटलेल्या असल्यामुळे हा चहा एक-दोन मिनिटांत गडद रंग आणि जोरकस चव देतो. दुसरा वर्ग ऑर्थोडॉक्स चहाचा. त्यात पान वळलेले असते, पण पुष्कळसे अखंड राहते, म्हणून त्याची चव सावकाश उतरते आणि वासाचे बारकावे अधिक मिळतात. पाकिटावर डस्ट लिहिलेले दिसले की तो झाडून गोळा केलेला कचरा असावा, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. चाळणीवर वेगळा काढलेला सर्वांत बारीक दाणा म्हणजे डस्ट. त्यातही उत्तम आणि सुमार अशा प्रती असतात.

प्रदेशाचे महत्त्व कोकणी माणसाला समजावून सांगावे लागू नये, कारण देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस यांतला फरक तो फोडीवरून सांगतो. आसामचा चहा ब्रह्मपुत्रेच्या सखल खोऱ्यात होतो. त्याला दाट अंग (जिभेला जाणवणारा दाटपणा), गडद तांबूस रंग आणि भाजलेल्या धान्याची आठवण करून देणारी गोडसर चव असते. दार्जिलिंगचा चहा हिमालयाच्या उतारावर, बराचसा चिनी उपजातीच्या झाडांवर येतो, म्हणून तो रंगाने फिका आणि वासाने तरल असतो. निलगिरीत जवळजवळ वर्षभर खुडणी चालते आणि तिथला चहा स्वच्छ, टवटवीत चवीचा असतो. हिमाचलातल्या कांगड्याचा चहा आपल्या बाजारात क्वचितच दिसतो, पण मिळाला तर सोडू नये.

दार्जिलिंगच्या बाबतीत हंगामही पाहावा लागतो. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतची पहिली खुडणी फर्स्ट फ्लश या नावाने विकली जाते. ती हिरवट, फुलांच्या वासाची आणि किंचित तुरट असते. मे-जूनमधल्या सेकंड फ्लशला पिकलेल्या द्राक्षांसारखा सुवास येतो आणि त्यामागे एक कीटक आहे. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले की बागायतदाराची झोप उडते. दार्जिलिंगमध्ये त्याच गटातले, पण वेगळ्या जातीचे तुडतुडे चहाच्या कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि तीच द्रव्ये पुढे कपात येतात. एकीकडे ज्या किड्यावर फवारणी केली जाते त्याच्या भाईबंदांमुळे दुसरीकडे चहाची किंमत वाढते, ही मला चहाच्या शास्त्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पाणी

गाळलेल्या चहात पाण्याचा वाटा जवळजवळ सगळाच असतो, आणि कोकणात पाणी दर गावाला, किंबहुना दर विहिरीला बदलते. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी सामान्यतः मृदू असते आणि मृदू पाण्यात चहा चांगला उतरतो. मात्र जांभा लोहयुक्त असल्यामुळे काही विहिरींच्या पाण्यात लोह उतरते. लोहाचा चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग झाला की कोरा चहा तांबूस दिसण्याऐवजी काळपट, शाईसारखा दिसतो आणि जिभेवर धातूची चव येते. अशा वेळी दोष पत्तीला देऊ नये. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. ते मीठ दूध-साखरेच्या चहात खपून जाते, पण कोऱ्या चहात पहिल्याच घोटाला लक्षात येते. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल, तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग उकळावे. कठीण पाण्यात कपावर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा जमतो. तो तेलाचा नसतो, पाण्यातले कॅल्शियम आणि चहातली द्रव्ये मिळून तो तयार होतो. याच्या उलट टोक म्हणजे शुद्धीकरण यंत्रातून सर्व क्षार काढून टाकलेले पाणी. त्यात चहा सपाट लागतो.

म्हणून माझ्या मते पहिला प्रयोग पत्तीचा नसावा, पाण्याचा असावा. घरातली नेहमीचीच पावडर घ्यावी आणि तोच कोरा चहा विहिरीच्या, नळाच्या आणि बाटलीबंद पाण्यात, सारख्या मापाने व सारख्या वेळेत करून तिन्ही कप खिडकीपाशी ठेवावेत. चाखण्याआधीच रंगांतला फरक दिसेल. ज्या पाण्यातला चहा सर्वांत उजळ आणि चवीला स्वच्छ वाटेल ते पाणी पुढच्या सर्व प्रयोगांसाठी कायम करावे.

माप, वेळ आणि भांडी

व्यावसायिक चहापारखी ज्या पद्धतीने काम करतात, तिला जवळचे असे एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ३१०३ क्रमांकाचे हे मानक १९८० साली प्रथम प्रसिद्ध झाले. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळते पाणी आणि ६ मिनिटे मुरवण असे त्यातले प्रमाण आहे. असा चहा पिण्यासाठी नसतो. दोष लपू नयेत म्हणून तो मुद्दाम कडक केलेला असतो. घरी शिकताना मापे तीच ठेवून वेळ ४ मिनिटे करावी असे मी सुचवेन.

पत्ती वजनाने मोजावी, चमच्याने नव्हे. सीटीसीचा दाणा जड आणि गच्च असतो, तर अखंड पानाचा चहा हलका आणि फुललेला असतो, त्यामुळे त्याच चमच्यात दोघांचे वजन बरेच वेगळे भरते आणि तुलना तिथेच बिघडते. ग्रॅम दाखवणारा लहान डिजिटल काटा फार महाग येत नाही. तो नसेल तर पानाच्या चहाचा चमचा भरपूर शिगोशीग आणि दाण्याचा चमचा सपाट, एवढे पथ्य पाळावे.

भांड्यांसाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही. झाकण बसतील असे एकाच मापाचे स्टीलचे पेले पत्ती मुरवण्यासाठी चालतात. गाळून घ्यायचे कप मात्र आतून पांढरेशुभ्र असावेत, कारण रंग त्यातच खरा दिसतो. पाणी पत्तीवर ओतावे, पत्ती पाण्यात उकळू नये. वेळेसाठी मोबाइलचा गजर लावावा आणि सर्व पेले एकाच क्रमाने भरून त्याच क्रमाने गाळावेत.

चाखण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. न्याहारी होऊन तास-दीड तास झालेला असावा आणि दुपारच्या कालवणाची फोडणी पडायला अवकाश असावा. स्वयंपाकघरात मासे तळले जात असताना, देवापुढे उदबत्ती लावलेली असताना किंवा डासांची कॉइल जळत असताना चहाचा वास घेण्यात अर्थ नाही. दोन कपांच्या मध्ये कोमट पाण्याने चूळ भरावी आणि हवे तर साधे कुरमुरे खावेत. प्रत्येक कपातले दोन-तीन घोट पुरतात, सगळे कप संपवण्याची गरज नसते. ज्यांना चहाने झोप लागत नाही त्यांनी ही बैठक सायंकाळी मुळीच करू नये.

पहिली बैठक : तीन कप

घरची सीटीसी पावडर, ऑर्थोडॉक्स आसाम आणि दार्जिलिंग सेकंड फ्लश या तिघांपासून सुरुवात करावी. मोठी पाकिटे आणू नयेत. ५० ग्रॅमचे पाकीट पुष्कळ दिवस पुरते.

आधी तिन्ही कोरड्या पत्त्या पांढऱ्या बशीत ओतून नीट पाहाव्यात. सीटीसीचे दाणे एकसारखे, गोलसर आणि तपकिरी दिसतील. आसामच्या वळलेल्या काळ्या पानांत सोनेरी टोके दिसली तर ते कोवळे कोंब होत. दार्जिलिंगमध्ये तपकिरी, काळ्या आणि क्वचित रुपेरी छटा एकत्र असतील. मग पत्ती मुठीत धरून तिच्यावर तोंडाने उष्ण हवा सोडावी आणि लगेच वास घ्यावा. ओलसर उष्णतेने वास मोकळा होतो.

चार मिनिटे झाली की चहा गाळावा, पण चोथा फेकू नये. चोथ्याचा वास हा या सर्व कृतीतला सर्वांत बोलका टप्पा आहे आणि नवखे लोक नेमका तोच वगळतात. पेल्याचे झाकण उचलताक्षणी नाक जवळ न्यावे. सीटीसीच्या चोथ्याला उग्र, सरळसोट वास येतो. आसामच्या चोथ्यात काकवीची आणि भाजलेल्या नाचणीची आठवण होते. दार्जिलिंगच्या चोथ्यात पिकलेले फळ, ओले लाकूड आणि फुले असे एकामागून एक वास सापडतात, आणि चोथा निवत जाईल तसे ते बदलतात. ओली पानेही उलगडून पाहावीत. तांब्याच्या रंगाची, उजळ पाने चांगल्या ऑक्सिडीकरणाची खूण आहेत. निस्तेज, काळपट पाने प्रक्रियेतल्या चुकीकडे बोट दाखवतात.

आता कप उजेडात धरून रंग पाहावा. येथे गडदपणापेक्षा उजळपणा महत्त्वाचा. चांगल्या काळ्या चहाच्या कडेला, जिथे चहा कपाला टेकतो तिथे, सोनेरी वलय दिसते. ते थिआफ्लेविन या द्रव्यांचे लक्षण आहे आणि तीच चहाला तरतरीत चव देतात.

चहा अतिशय गरम असताना चाखू नये. बोट कपाला सुखाने टेकेल इतका तो निवला की चमच्याने घोट घेऊन मोठ्याने भुरका मारावा. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे तुषार तोंडभर पसरतात आणि वास घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो. घरातली वडीलधारी माणसे बशीत ओतून भुरके मारीत चहा पितात, त्यांना ही पद्धत शिकवावी लागत नाही; चारचौघांत भुरका मारणे असभ्य मानले जात असले तरी चहापारख्यांच्या खोलीत तो कामाचाच भाग आहे.

घोट तोंडात असताना चार गोष्टी पाहाव्यात. अंग किती आहे, म्हणजे चहा जिभेला दाट लागतो की पाणचट. तुरटपणा किती आहे आणि तो कुठे जाणवतो, हिरड्यांवर, गालाच्या आत की जिभेच्या टोकाला. कडवटपणा आहे का. कडू आणि तुरट यांत नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, पण कडू ही चव आहे आणि तुरट हा तोंड आखडल्याचा स्पर्श आहे, हे आवळा आणि कारले आठवले की स्पष्ट होईल. शेवटी, घोट गिळल्यावर मागे काय उरते आणि किती वेळ उरते. चहा पूर्ण निवल्यावर पुन्हा एकदा चाखावा, कारण गरम असताना झाकलेले दोष निवल्यावर उघडे पडतात.

लगेच वहीत लिहावे. परकीय पाकिटांवरची वर्णने उतरवू नयेत. ज्यांनी कधी ते फळ पाहिलेले नाही त्यांना त्याच्या नावाचा उपयोग नाही. बकुळ, सुरंगी, आंब्याचा मोहोर, ओला पेंढा, भाजलेली काजूबी, काकवी, जायफळाची साल, पहिल्या पावसातली माती असा वासांचा मोठा साठा आपल्या परसातच आहे. दोषांसाठीही करपट, धुरकट, कुबट, मातकट असे नेमके शब्द हाताशी आहेत.

तोच चहा, वेगळी वेळ

दुसऱ्या बैठकीत एकच चहा घ्यावा, शक्यतो ऑर्थोडॉक्स आसाम, आणि तो २, ४, ६ व ८ मिनिटे मुरवून चार कप करावेत. पहिल्या कपात वास असेल पण अंग नसेल. चौथ्यात तुरटपणा बाकी सर्वांवर मात करील. मधल्या दोहोंपैकी आपल्याला कोणता आवडतो हे ठरवणे म्हणजे त्या पत्तीची आपली वेळ ठरवणे होय. चहा फुळकवणी झाला तर पत्ती वाढवावी, वेळ वाढवू नये, हा धडा या एका बैठकीत कायमचा मिळतो.

हिरवा, ऊलाँग आणि पांढरा

हिरव्या चहाची आपल्याकडे फार उपेक्षा झाली आहे. औषध म्हणून तो आणला जातो, काळ्या चहासारखा खळाखळा उकळला जातो आणि कडू लागला म्हणून नाक दाबून प्यायला जातो. त्याला ७० ते ८० अंश सेल्सियसचे पाणी आणि २ ते ३ मिनिटे पुरतात. तापमापक नसला तरी हे जमते: तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळले की ते सुमारे ८० अंशांवर येते. एकच हिरवा चहा एकदा उकळत्या पाण्यात आणि एकदा अशा निवलेल्या पाण्यात करून शेजारी ठेवावा. ऊलाँग ९० अंशांच्या आसपास चांगला उतरतो आणि तीच पत्ती तीन-चार वेळा वापरता येते. दर वेळी चव बदलते, तो बदल पाहण्यासारखा असतो. पांढरा चहा सर्वांत शेवटी घ्यावा, कारण त्याची चव इतकी हळुवार असते की सराव नसलेल्या जिभेला ते नुसते गरम पाणी वाटते. फुलांचे किंवा फळांचे कृत्रिम वास लावलेले चहा या काळात आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुटी पावडर घेत असाल तर एक चाचणी आधी करावी. गाळणकागदावर थोडी पत्ती पसरून पाण्याने भिजवावी, मग पत्ती काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात पाहावा. कागदावर रंगाचे डाग राहिले तर पावडरीला वरून रंग लावलेला आहे.

पावसाळ्यातली साठवण

कारखान्यातून निघताना चहात ओलावा जेमतेम ३ टक्के असतो, आणि जून ते सप्टेंबर कोकणची हवा भिंतींनाही पाझर फोडते. डबा घट्ट झाकणाचा, धातूचा आणि अपारदर्शक असावा, तो तोंडापर्यंत भरलेला असावा आणि रोज उघडण्यासाठी आठवड्याची पत्ती वेगळ्या लहान डब्यात काढावी. चहा भोवतालचे वास ओढून घेतो, म्हणून मालवणी मसाला, सुकट, बोंबील आणि कांदा-लसूण यांच्यापासून डबा दूर, वेगळ्या खणात ठेवावा. फ्रिजमध्ये उघडा डबा ठेवू नये. बाहेर काढताच दमट हवेतले पाणी पत्तीवर जमते. पत्ती बोटांत चुरडून पाहावी. ती कडकन मोडली तर ठीक, वाकली तर ओलावली आहे. तव्यावर मंद गरम करून ती कुरकुरीत होते, पण गेलेला वास परत येत नाही.

पुन्हा दुधाकडे

कोऱ्या चहाचा सराव झाला की दुधाचा चहाही नव्याने चाखावा. दुधातले केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवते आणि तुरटपणा मवाळ होतो. म्हणूनच दुधाला जोरकस, तुरट चहा लागतो. आसामचा सीटीसी त्यासाठीच योग्य आहे, तर दार्जिलिंग फर्स्ट फ्लश दुधात पूर्ण बुडून जातो आणि पैसे वाया जातात. घरचे मिश्रण करायचे असेल तर दोन भाग सीटीसी आणि एक भाग ऑर्थोडॉक्स आसाम घ्यावा. सीटीसी पाण्यात एक-दोन मिनिटे उकळावी, गॅस बंद करून मग पानाचा चहा घालावा, झाकण ठेवून तीन मिनिटे मुरू द्यावे आणि वेगळे तापवलेले दूध गाळलेल्या चहात ओतावे. दूध आणि पत्ती एकत्र कढवलेल्या नेहमीच्या चहाचा कप शेजारी ठेवूनच तो प्यावा. गवती चहा हवा असेल तर त्याची पाती सुरुवातीलाच, पाण्याला आधण येताना घालावीत, आणि नेहमीपेक्षा निम्मी.